छत्तीस अधिकाऱ्यांचे कोडे : अमूर्त गणित आणि त्याचा व्यवहार

महाविद्यालयात गणित हा मुख्य विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला घरातील वडीलधाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : "याचा उपयोग काय?" व्यापारी घराण्यांत तर हा प्रश्न अधिकच आग्रहाने विचारला जातो. टक्केवारी, व्याज, नफातोटा, ताळेबंद येथपर्यंतचे गणित सर्वांना मान्य असते. परंतु गट, वलय, क्षेत्र अशा नावांच्या, आकडेही क्वचितच दिसणाऱ्या अमूर्त बीजगणितासाठी उमेदीची तीन किंवा पाच वर्षे खर्च करावीत काय, याविषयी पालकांच्या मनात शंका असते. ती शंका अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. मात्र या प्रश्नाला इतिहासाने दिलेले उत्तर ऐकण्यासारखे आहे. त्या उत्तरात सेंट पीटर्सबर्ग आहे, पॅरिस आहे, कोलकाता आहे, नागपूर आहे. आणि त्याचा शेवट थेट आजच्या दुकानाच्या गल्ल्यावर येऊन होतो.

प्राचीन वारसा

गणिताचा उपयोग कोठे कोठे होतो, याची भली मोठी यादी इसवी सन ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी दिली आहे. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष यांच्या काळात कर्नाटकात होऊन गेलेल्या या जैन गणितज्ञांनी 'गणितसारसंग्रह' या ग्रंथाच्या आरंभी संगीत, नाट्य, पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुविद्या अशा विविध विद्यांत गणित कसे उपयोगी पडते, हे सांगितले आहे. याच ग्रंथात काही वस्तूंमधून ठरावीक वस्तू किती प्रकारे निवडता येतील, याचा सर्वसामान्य नियम त्यांनी दिला. आज महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरील प्रत्येक विद्यार्थी तोच नियम शिकतो. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केली.

निवड आणि मांडणी यांच्या गणिताचा दुसरा वारसा खजुराहो येथे दगडात कोरलेला आहे. तेथील दहाव्या शतकातील पार्श्वनाथ मंदिरात 'चौतीसा यंत्र' या नावाने ओळखला जाणारा अंकचौरस आहे. त्याच्या चार ओळी अशा :

७, १२, १, १४
२, १३, ८, ११
१६, ३, १०, ५
९, ६, १५, ४

कोणतीही आडवी ओळ, कोणताही उभा स्तंभ, कोणताही कर्ण घ्यावा. बेरीज ३४ येते. हे अनेकांना ठाऊक असते. परंतु या चौरसाच्या पोटात आणखी एक रचना दडलेली आहे. तिचा परिचय पुढे येईल.

ऑयलर यांचे कोडे

लिओनार्ड ऑयलर हे अठराव्या शतकातील सर्वश्रेष्ठ गणितज्ञांपैकी एक होत. उतारवयात त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेली होती, तरी त्यांचे लेखन थांबले नाही. १७७९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे त्यांनी एक निबंध सादर केला. तो १७८२ मध्ये छापून आला. त्यातील प्रश्न वरकरणी करमणुकीचा वाटतो. सहा पलटणी आहेत. प्रत्येक पलटणीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी बोलावले आहेत. अशा या छत्तीस अधिकाऱ्यांना सहा ओळी व सहा स्तंभांच्या चौकोनात असे उभे करावयाचे की, प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटण एकदाच यावी आणि प्रत्येक हुद्दाही एकदाच यावा. हे जमेल काय?

कापडाच्या दुकानातील उदाहरणाने ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. चार जातींचे कापड आहे आणि प्रत्येक जातीचे चार रंगांतील ताके आहेत. हे सोळा ताके चार कप्प्यांच्या चार फळ्यांवर असे लावावयाचे की, आडव्या किंवा उभ्या कोणत्याही रांगेत जात पुन्हा येऊ नये आणि रंगही पुन्हा येऊ नये. केवळ जातींची अशी मांडणी केली तर तिला लॅटिन चौरस म्हणतात. केवळ रंगांची केली तर तो दुसरा लॅटिन चौरस झाला. हे दोन्ही चौरस एकावर एक ठेवल्यावर प्रत्येक जात प्रत्येक रंगाबरोबर नेमकी एकदाच आली, तर त्या दोघांना परस्पर लंब चौरस असे नाव आहे.

आता चौतीसा यंत्राकडे पुन्हा वळू या. त्यातील प्रत्येक अंकातून १ वजा करावा आणि उरलेल्या संख्येला ४ ने भागावे. पहिल्या ओळीतील ७ पासून भागाकार १ व बाकी २ मिळते. १२ पासून २ व ३. १ पासून ० व ०. १४ पासून ३ व १. सोळाही अंकांबाबत असे केले की भागाकारांचा एक चौरस तयार होतो आणि बाक्यांचा दुसरा. हे दोन्ही चौरस लॅटिन आहेत आणि परस्पर लंबही आहेत. भागाकार म्हणजे कापडाची जात व बाकी म्हणजे रंग असे मानले, तर खजुराहोच्या त्या शिळेवर सोळा ताक्यांचे कोडे सुटलेलेच आढळते. जिज्ञासू वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन हा पडताळा अवश्य घ्यावा.

ऑयलर यांना विषम संख्यांसाठी आणि ४ ने भाग जाणाऱ्या संख्यांसाठी असे चौरस रचता आले. परंतु ६ साठी कितीही प्रयत्न केले तरी यश येईना. २ साठी तर ते अशक्य आहे हे उघडच दिसते. तेव्हा त्यांनी असे अनुमान मांडले की २, ६, १०, १४, १८ अशा, ४ ने भागल्यावर २ बाकी उरणाऱ्या, कोणत्याच संख्येसाठी ही रचना होणार नाही. १९०० च्या सुमारास गॅस्टन टारी या फ्रेंच गृहस्थांनी सर्व शक्यता पद्धतशीर तपासून ६ च्या बाबतीत ऑयलर यांचे म्हणणे खरे असल्याचे सिद्ध केले. पुढच्या संख्यांविषयी मात्र पुरावा नव्हता. होते ते ऑयलर यांचे थोर नाव.

वीस वर्षांच्या तरुणाची देणगी

या इतिहासातील दुसरे पात्र म्हणजे एव्हारिस्त गाल्वा. १८११ मध्ये जन्मलेल्या या फ्रेंच तरुणाला एकोल पॉलितेक्निक या नामांकित संस्थेत दोनदा प्रवेश नाकारला गेला आणि १८३२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, द्वंद्वयुद्धात त्याचा अंत झाला. १८३० मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात मोजक्याच घटकांची अशी एक संख्यासृष्टी होती की जीत बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्य सोडून कशानेही भागाकार निर्वेधपणे करता यावा. आज तिला गाल्वा क्षेत्र किंवा सांत क्षेत्र म्हणतात.

यात विशेष ते काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. घड्याळाच्या काट्यांचे गणित सर्वांना परिचित आहे : १२ झाले की पुन्हा आरंभ. ५ अंकांच्या घड्याळात भागाकार सुरळीत होतो, कारण ५ ही मूळ संख्या आहे. ४ अंकांच्या घड्याळात मात्र २ ची दुप्पट शून्य होते आणि भागाकाराचे गाडे अडते. गाल्वाने दाखविलेल्या मार्गाने चार घटकांचीही निर्दोष सृष्टी निर्माण करता येते. ०, १, 'अ' आणि 'अ अधिक १' हे तिचे घटक. तेथे कोणताही घटक स्वतःमध्ये मिळविला की शून्य होतो, आणि 'अ' ला 'अ' ने गुणले की 'अ अधिक १' मिळतो. एवढे दोन नियम पाळले की भागाकार कोठेही अडत नाही. घटकांची संख्या मूळ संख्या किंवा तिचा घात असेल, म्हणजे २, ३, ४, ५, ७, ८, ९ अशी असेल, तेव्हाच असे क्षेत्र मिळते. ६ किंवा १० घटकांचे मिळत नाही.

शंभर वर्षे हा विषय मोठ्या विद्यापीठांतील मोजक्या तज्ज्ञांपुरताच राहिला. त्याचा कोणाला काही उपयोग होईल, असे फारसे कोणाला वाटले नव्हते.

कोलकात्यातील संगम

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील महाविद्यालयांत गणिताचे अध्यापन केंब्रिजच्या वळणाचे होते. शांकव, घन भूमिती, कलनशास्त्र आणि यांत्रिकी यांवर भर असे. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळविणारे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि 'रँग्लर' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. त्या परंपरेने उत्तम गणिती घडविले. आधुनिक अमूर्त बीजगणिताला मात्र तीत फारसे स्थान नव्हते.

राजचंद्र बोस हे याच परंपरेतील विद्यार्थी. १९०१ मध्ये होशंगाबाद येथे त्यांचा जन्म झाला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. शिकवण्या करून त्यांनी शिक्षण पुरे केले आणि शुद्ध भूमितीच्या ओढीने कोलकाता गाठले. १९३२ मध्ये ते तेथील आशुतोष महाविद्यालयात व्याख्याते असताना, नुकत्याच स्थापन झालेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांना आपल्याकडे बोलाविले. बोस यांना संख्याशास्त्राचा गंधही नव्हता. महालनोबिस यांनी पुस्तके आणि वाचावयाच्या सुमारे ५० शोधनिबंधांची यादी त्यांच्या हाती ठेवली. संख्याशास्त्राच्या कामासाठी एका शुद्ध भूमितिज्ञाची निवड करणे, यात महालनोबिस यांची दूरदृष्टी दिसून येते.

दुसरीकडे, जर्मनीत नाझी राजवटीने ज्यू प्राध्यापकांना पदच्युत करण्याचा सपाटा लावला होता. लायप्झिगचे बीजगणितज्ञ फ्रीड्रिश विल्हेल्म लेवी यांचे पद १९३५ मध्ये गेले. कलकत्ता विद्यापीठाने त्यांना हार्डिंज प्राध्यापकाचे आसन दिले. १९४८ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाईपर्यंत ते कोलकात्यातच राहिले. आधुनिक बीजगणित भारतीय वर्गात रुजविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्यांत लेवी अग्रणी होत. त्यांच्याच सहवासात बोस यांना गाल्वा क्षेत्रांचा परिचय घडला. एका देशाने हाकलून दिलेली विद्या दुसऱ्या देशाने आदराने घरात घेतली, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

तिसरा प्रवाह इंग्लंडमधून आला. रॉथमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी लॅटिन चौरसाला शेतात उतरविले होते. गव्हाच्या पाच वाणांची तुलना करावयाची तर शेताचा पोत सर्वत्र सारखा नसतो. एका बाजूला ओल अधिक, दुसरीकडे माती हलकी. प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात प्रत्येक वाण एकदाच पेरला, तर जमिनीतील फरक सर्व वाणांच्या वाट्याला सारखाच येतो आणि तुलना न्याय्य होते. वाणांबरोबर खतांचीही तुलना करावयाची असेल, तर परस्पर लंब चौरस लागतात. १९३७-३८ च्या हिवाळ्यात फिशर कोलकात्याला आले असता, मूळ संख्या किंवा तिचा घात असलेल्या प्रत्येक संख्येसाठी अशा चौरसांचा पूर्ण संच मिळावा, अशी अटकळ त्यांनी व्यक्त केली. बोस यांनी गाल्वा क्षेत्रांच्या साहाय्याने ती सिद्ध केली. १९३८ मध्ये 'सांख्य' या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्याचे मर्म थोडक्यात सांगता येते. ओळींना व स्तंभांना क्षेत्रातील घटकांची नावे द्यावीत. ओळ अधिक स्तंभ, हा पहिला चौरस. ओळीला 'अ' ने गुणून त्यात स्तंभ मिळविला की दुसरा. एखाद्या घरातील दोन्ही नोंदी कळल्या की त्यांची वजाबाकी करावी; स्तंभ नाहीसा होतो आणि ओळीचा काही पट उरतो. क्षेत्रात भागाकार अडत नसल्यामुळे ओळ सापडते, ओळीवरून स्तंभही सापडतो. म्हणजे नोंदींची प्रत्येक जोडी एकाच घरात येते. ज्याला निरुपयोगी मानले होते, त्या भागाकाराच्या नियमाने शेतातील वाफ्यांची व्यवस्था लावून दिली.

नागपूरचे श्रीखंडे

आता या कथेत महाराष्ट्राचा प्रवेश होतो. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागर येथे झाला. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात ते शिकले आणि पुढे तेथेच त्यांनी अध्यापन केले. बोस अमेरिकेत चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेल्यानंतर श्रीखंडे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० मध्ये पीएच.डी. संपादन केली. नागपूरला परतल्यानंतर काही वर्षांनी ते पुन्हा चॅपेल हिलला गेले आणि तेथे गुरुशिष्यांनी ऑयलर यांच्या अनुमानाला हात घातला.

१९५९ मध्ये त्यांनी २२ या संख्येसाठी परस्पर लंब चौरस रचून दाखविले. २२ ला ४ ने भागल्यास बाकी २ उरते. म्हणजे ऑयलर यांच्या मते ही रचना अशक्य! तिच्यामागील युक्ती मोठी रमणीय आहे. एकोणिसाव्या शतकातील कर्कमन यांच्या कोड्यात शाळेतील १५ मुली सात दिवस तिघी-तिघींच्या रांगांत फिरावयास जातात आणि कोणत्याही दोघी आठवड्यात एकदाच एकत्र येतात. अशा एकूण ३५ त्रिकुटी होतात. प्रत्येक त्रिकुटीत त्या दिवसाचे नाव चौथे म्हणून मिळवावे. १५ मुली व ७ दिवस मिळून २२ घटक झाले. शिवाय सात दिवसांचा स्वतंत्र गट करावा. आता कोणतेही दोन घटक नेमक्या एकाच गटात एकत्र येतात, आणि गट आहेत ते ४ चे किंवा ७ चे. ४ व ७ साठी तर गाल्वा क्षेत्रांनी चौरस दिलेलेच आहेत. ते छोटे चौरस योग्य रीतीने एकत्र गुंफले की २२ चा मोठा चौरस सिद्ध होतो.

त्याच सुमारास अर्नेस्ट पार्कर यांनी १० साठी रचना केली. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की २ आणि ६ हे दोन अपवाद सोडले, तर ऑयलर यांचे अनुमान सर्वत्र चुकीचे आहे. पावणेदोनशे वर्षे टिकलेला समज कोसळला. २६ एप्रिल १९५९ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही वार्ता पहिल्या पृष्ठावर छापली, आणि या तिघांना 'ऑयलरचे खेळ बिघडविणारे' अशा अर्थाचे गमतीदार बिरुद मिळाले.

श्रीखंडे नंतर भारतात परतले. बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन केल्यावर ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक-प्रमुख झाले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. शतायुषी होऊन २१ एप्रिल २०२० रोजी त्यांचे निधन झाले. सोळा बिंदूंची एक रचना जगभर 'श्रीखंडे आलेख' याच नावाने शिकविली जाते. मराठी आडनाव असलेली ही रचना आपल्याकडील किती सुशिक्षितांना ठाऊक आहे, हा प्रश्न मात्र अंतर्मुख करणारा आहे.

गल्ल्यावरील चौकोन

जुन्या पेढ्यांवर मुनीम आकड्यांच्या तक्त्याची आडवी बेरीजही करीत आणि उभी बेरीजही. एखादा आकडा चुकला की एका ओळीची व एका स्तंभाची बेरीज जुळत नसे. त्या दोहोंच्या छेदावर चूक सापडे आणि फरकावरून खरा आकडाही कळे. जादा नोंद ठेवून चूक शोधणे आणि दुरुस्त करणे, हेच आधुनिक संदेशवहनातील त्रुटी-दुरुस्तीचे तत्त्व होय. एकाच वेळी अनेक चुका झाल्या, तर मात्र साधी बेरीज पुरत नाही.

१९६० मध्ये राजचंद्र बोस आणि त्यांचे शिष्य द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांनी गाल्वा क्षेत्रांचाच आधार घेऊन, हव्या तितक्या चुका दुरुस्त करणारे संकेत तयार करण्याची रीत दिली. फ्रान्समध्ये ओकेंगेम यांनी एक वर्ष आधी स्वतंत्रपणे तीच शोधली होती. तिघांच्या आद्याक्षरांवरून या संकेतांना 'बीसीएच' म्हणतात. त्याच वर्षी रीड व सॉलोमन यांनी याच कुळातील दुसरा संकेत दिला. ओरखडा पडलेली कॉम्पॅक्ट डिस्क विनातक्रार वाजते ती त्याच्यामुळे.

१९९४ मध्ये जपानमध्ये जन्मलेला क्यूआर कोड आज भाजीच्या गाडीपासून सराफी पेढीपर्यंत सर्वत्र दिसतो. त्यातील मजकुराचे रक्षण रीड-सॉलोमन संकेत २५६ घटकांच्या गाल्वा क्षेत्रात करतो. तो मजकूर कसा वाचावा याची सूचना मात्र पंधरा ठिपक्यांत, दोन ठिकाणी लिहिलेली असते. त्यांपैकी पाच माहितीचे आणि दहा राखणदार. तीन ठिपके बिघडले तरी सूचना अचूक वाचता येते. हा पंधरा ठिपक्यांचा संकेत बीसीएच कुळातलाच, सोळा घटकांच्या गाल्वा क्षेत्रावर उभारलेला. कोपरा फाटलेल्या, तेलाचा डाग पडलेल्या कागदावरूनही ग्राहकाचे पैसे योग्य खात्यात जमा होतात, ते या राखणदारांच्या भरवशावर. द्वंद्वयुद्धात गेलेला तो वीस वर्षांचा तरुण आणि कोलकात्यातील ते भूमितिज्ञ अशा रीतीने प्रत्येक गल्ल्यावर हजर असतात.

उपसंहार

ही कथा येथेच संपलेली नाही. २०२२ मध्ये मद्रासच्या आयआयटीतील व पोलंडमधील संशोधकांनी छत्तीस अधिकाऱ्यांचे कोडे पुंजभौतिकीच्या नियमांनी सोडवून दाखविले. १० साठी तीन परस्पर लंब चौरस मिळतात काय, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. कदाचित त्याचे उत्तर आज महाविद्यालयात शिकत असलेल्या एखाद्या मुलीकडूनच मिळावयाचे असेल.

"याचा उपयोग काय?" हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न चुकीचा नाही, केवळ त्याच्या उत्तराची मुदत मोठी आहे. गाल्वाच्या निबंधाचा उपयोग शेताला होण्यास १०८ वर्षे लागली आणि गल्ल्यापर्यंत येण्यास त्याहूनही अधिक. व्यापारात भांडवल गुंतविताना मुदत पाहिली जाते. विद्येच्या बाबतीत पेरणाऱ्याला पीक दिसेलच असे नाही. तरीही पेरणी करावी लागते. महालनोबिस यांनी एका भूमितिज्ञावर विश्वास टाकला, कलकत्ता विद्यापीठाने एका निर्वासिताला आसन दिले, नागपूरच्या एका महाविद्यालयाने एका विद्यार्थ्याला घडविले. त्यांपैकी कोणाला क्यूआर कोडची कल्पना होती? विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणाऱ्या, वसतिगृहे चालविणाऱ्या समाजसंस्थांनी वाणिज्य, वैद्यक आणि अभियांत्रिकी यांबरोबर शुद्ध गणिताकडे वळणाऱ्या एखाद्या मुलामुलीच्याही पाठीवर हात ठेवावा. महावीराचार्यांच्या वारशाचा तोच खरा सन्मान ठरेल.